माणसांचे डोळे

९ जून

विनू म्हणाला, ताई, यंदा तुला स्पेशल काम. गणपती नाहीत, माणसं.

विनू म्हणजे पेणच्या आमच्या गणपतीच्या कारखान्याचा मालक, अण्णांचा मुलगा. मी अण्णांच्या हाताखाली आखणी शिकत होते, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायला, तेव्हा हा शाडूचे लाडू वळून खायचा. आता शेठ झालाय. मी विनूच म्हणते. इथे नुसतं वि. लिहीन, हाताला तेवढाच आराम.

तर रोह्याच्या एका मंडळाला देखावा हवाय. 'शोधाचा इतिहास', जमीन, समुद्र, आकाश. जग शोधायला गेले त्यांचे पुतळे, अर्ध्या माणसाएवढे. आठ माणसं, एक कुत्री, एक अवकाशयान. अंगाचे रंग बाकीचे देतील, तोंडं आणि डोळे माझे.

मी म्हटलं, आणि गणपती कोण आखणार?

"रंजू बघंल ना. ह्ये काम दुसऱ्या कुणाला जमायचं नाय, ताई."

मला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला फार जोर लागत नाही. चढले.

१२ जून

मंडळाचे गुप्ते सर आले. रोह्याचे, भूगोल शिकवायचे. पूर्वी घरची जमीन होती, आता घरभर नकाशे. एक गुंडाळी घेऊन आलेच. कारखान्यात टेबल रिकामं कुठलं, शेवटी दोन गणपतींच्या पाठींना टेकवून जग उलगडलं.

आठ जण कोण ते समजावलं. दोरीची गाठ दातात धरून ताऱ्याची उंची मोजणारा अरब. आफ्रिकेला वळसा घालून आलेला पोर्तुगीज. त्याला शेवटची वाट दाखवणारा गुजराती वाटाड्या (तो गुजराती होता की नाही यावर वाद आहे म्हणे, पण मंडळाचे दोन मोठे वर्गणीदार गुजराती आहेत). पुरुषाचे कपडे घालून जहाजावर चढलेली आणि पृथ्वीला फेरी मारून आलेली फ्रेंच बाई. जपमाळेवर पावलं मोजत तिबेट मोजून आलेला पंडित. दक्षिण ध्रुवावर दुसरा पोहोचला आणि परत येताना बर्फात मेला तो इंग्रज. अवकाशात पहिला गेलेला रशियन. आणि चंद्रावर दोघे उतरले तेव्हा वर फिरत राहिलेला तिसरा.

मी म्हटलं, उतरलेले दोघे का नाही घेतले?

"त्यांना सगळेच घेतात."

म्हणजे हा तिसरा खालच्या दोघांची गाडी सांभाळत बसला होता. ड्रायव्हर. सरांना 'ड्रायव्हर' आवडलं नाही. म्हणाले, चंद्राच्या मागे गेला की त्याचं कुणाशीही बोलणं व्हायचं नाही, तेवढा वेळ त्याच्याइतकं एकटं माणूस जगात नव्हतं. मी म्हटलं, आमच्या ह्यांना थर्ड शिफ्टला विचारा.

सर हसले नाहीत. चांगला माणूस आहे, पण वर्गातून अजून बाहेर आलेला नाही.

१५ जून

हाताचं लिहायचं टाळत होते. लिहिते.

होळीपासून उजवा हात मांडीवर ठेवला की अंगठा हलतो. सुपारी चोळल्यासारखा. ब्रश धरला की थांबतो. म्हणजे कामाला काही नाही. पदराखाली ठेवते. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्यांना माहीत नाही. हे नागोठण्याला कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलते. ते घरी तेव्हा मी कारखान्यात. तीस वर्षं आम्ही एकमेकांना जेवायला वाढलंय ते बहुतेक झाकून ठेवलेल्या ताटांतून.

२४ जून

पंडिताचं तोंड झालं. सर म्हणाले माळेत एकशे आठ नव्हे, शंभर मणी होते. शंभर पावलांना एक मणी. रस्त्यात कुणी भेटलं की जप चालू. मला आवडलं. आमच्या कासूच्या आत्या जप करताना शेजारच्या घरात काय शिजतंय ते सांगायच्या, त्यातलाच प्रकार.

हवेत ओल आहे, रंग वाळत नाही. हॅलोजन लावून बसतो. रंजू पलीकडे गणपती आखते. डोळे बरे काढते, पण घाईत. श्वास धरून एका दमात काढते आणि मग खोकते. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणावं तर तिखटही नाही. मान खाली घालून काम करते बिचारी. नवरा गेल्यापासून घर तीच चालवते.

३ जुलै

आज सगळ्यांचे डोळे सुरू केले. अरब, पोर्तुगीज (तोही आता नुसता पो.), वाटाड्या, बाई. करंगळी गालावर टेकवायची, तोंडातून हळू श्वास सोडायचा, वरची रेघ एका ओढीत. पो.च्या डाव्या डोळ्याला रेघ किंचित हलली. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढली. ब्रश जुना होता.

नवीन ब्रश काढला. तोही जुना निघाला असं म्हणूया. नाचता येईना अंगण वाकडं.

१४ जुलै

फजिती.

सर आणि मंडळाचे दोन कार्यकर्ते पुतळे बघायला आले. ओळीत मांडले होते. कार्यकर्त्यांतल्या एकाने दारातच चपला काढल्या, आत येऊन पो.समोर उभा राहिला आणि हात जोडले. सवयीने. जोडल्यावर त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने ते हात डोक्यावरून केसांत फिरवले.

सर पुतळ्यांकडे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ताई, हे सगळे आशीर्वाद देतायत."

बघितलं. देत होते. आठच्या आठ.

"ह्या पोर्तुगीजाने हजच्या यात्रेकरूंचं जहाज माणसांसकट जाळलं. आणि हा आमच्याकडे असा बघतोय की आत्ता विचारेल, बाळ, काय हवंय?"

रंजू खाली मान घालून हसली. वि. हसला नाही. तो माझ्या हाताकडे बघत होता, किंवा मला तसं वाटलं.

अडतीस वर्षांत मी एकच नजर काढली. देवाची. वरची पापणी बुबुळावर थोडी उतरवायची, बुबुळं जरा आत घ्यायची, म्हणजे समोर पाटावर बसलेल्याला वाटतं, माझ्याकडेच बघतोय. गिऱ्हाईक डावीकडून आलं तरी तेच, उजवीकडून आलं तरी तेच. कारखान्याचं नाव त्यावर झालं. हात तेच काढणार. हाताला काय माहीत समोर बसलेला गणपती की गोरा.

सर म्हणाले, "ह्यांनी आपल्याकडे बघायचंच नाही. आपल्या पलीकडे बघायचं."

मी म्हटलं, पलीकडे म्हणजे कुठे?

"तेच तर त्यांनाही माहीत नव्हतं."

वर्गात हे वाक्य चांगलं चालत असेल. ब्रशने कसं काढू?

१५ जुलै

एका कुत्रीचे डोळे मात्र सरांनी पास केले. अवकाशात माणसांच्या आधी पाठवली ती. परत आणायची सोय केलीच नव्हती. तिचे डोळेही देवाचेच काढले होते. सर म्हणाले, हिचे राहू देत. कुत्री माणसाकडेच बघणार.

यानाला डोळे नकोत. खिडक्यांच्या जागी काळी बटणं चिकटवली.

१६ जुलै

दुपारी डबा खाताना रंजूला म्हटलं, तू का गो हसलीस परवा? ती कावरीबावरी झाली. मग एकदम बोलली, "ताई, मी मागितलं नव्हतं तुमचं काम. देवाशप्पथ. विनूशेठच बोलले, ताईंचा हात हलतो, गणपतीला चालायचं नाय, माणसांच्या डोळ्यांत थोडं इकडचं तिकडं झालं तर कुणाला कळतंय."

डबा संपवला. वालाचं बिरडं होतं, तिने आणलेलं. चांगलं झालं होतं, तसं सांगितलं.

म्हणजे स्पेशल काम म्हणून नव्हतंच. बाजूला बसवली होती. म्हाताऱ्या बैलाला बागेतल्या रहाटाला जुंपतात तशी. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. अण्णांची आठवण आली आणि त्यांचाही राग आला, ते मेले म्हणून.

वि.शी बोलले नाही. बोलले असते तर हाताबद्दल बोलावं लागलं असतं.

आता ही माणसंसुद्धा परत आली तर मग काय. कुणाच्याच डोळ्यांना नको असलेली आखणीवाली.

१७ जुलै

ह्यांना आरशासमोर बसवलं. म्हटलं, लांब बघा. म्हणाले, किती लांब? म्हटलं, खूप. म्हणाले, भिंत हाय मध्ये.

१९ जुलै

कासूला भावाकडे गेले होते, आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, जेवणाला. परत येताना मेमू लेट. फलाटावर पंधरावीस माणसं. मी बाकावर, हात पदराखाली.

थोड्या वेळाने लक्षात आलं की सगळी माणसं एकाच बाजूला बघतायत. नागोठण्याच्या बाजूला, जिकडून गाडी यायची. गाडी दिसत नव्हती, नुसते रूळ आणि वळण. बोलणं चालू, पोरांना ओरडणं चालू, नजर मात्र तिकडे. बोलताना माझ्याकडे तोंड केलं तरी डोळे माझ्यावर थांबायचे नाहीत.

जवळ एक म्हातारी होती, करटोलीची पाटी घेऊन. तिच्या तोंडासमोर वाकून बघत राहिले. खालची पापणी ताणलेली. वरची बुबुळावर उतरत नाही, अधांतरी. आणि दोन्ही बुबुळं एकमेकांपासून जरा लांब गेलेली. आत आलेली नाहीत. तेवढाच फरक. तांदळाच्या दाण्याएवढा.

"काय बघतंस गो?"

"तुमचे डोळे."

"मोतीबिंदू हाय. बिब्ब्यावानी झालाय. काढायचा हाय दिवाळीनंतर."

तिकिटाच्या मागे काढले. पेन हलत होतं, पण बुबुळं कुठे ठेवायची ते बरोबर आलं. मग गाडी आली आणि सगळ्यांचे डोळे पुन्हा साधे झाले.

२०–२७ जुलै

रोज एक. आधीचे पुसून, खालचा रंग परत देऊन.

अरब: जमला. दोरी दातात आहे म्हणून जबडा ताठ, त्याने डोळ्यांना मदत झाली.

पो.: चार वेळा पुसला. लांब बघायला लागला की हावरट दिसतो. सरांना फोन केला. म्हणाले, तो हावरटच होता, राहू द्या.

वाटाड्या: ह्याने पलीकडे बघायचं की नाही असा प्रश्न पडला. त्याला वाट माहीत होती. त्याच्यासाठी ते पेण-रोहा. साधे डोळे दिले, कंडक्टरचे.

बाई: हिचे सोपे गेले. पुरुषांच्या जहाजावर पुरुष होऊन राहायचं म्हणजे लांब बघताना जवळचंही बघावं लागणार, कोण बघतंय का ते. एका डोळ्यात एक, दुसऱ्यात दुसरं. सर म्हणतील तिरळी. म्हणू देत.

पंडित: आत्यांचे डोळे. उघडे, पण दुकान बंद.

इंग्रज: नुसता थकलेला. तो पोहोचला तेव्हा दुसऱ्याचा झेंडा आधीच तिथे होता. आता पलीकडे बघायला काही राहिलंच नाही. सर म्हणाले होते शूर दाखवा. मला दाखवता आला नाही. माझा हात त्या दिवशी जास्त हलत होता, आणि हलला तिथे रेघ पुसली नाही. बर्फात त्याचाही हलत असेल.

रशियन: हसरा. त्याला एकच फेरी मारून खाली यायचं होतं.

तिसरा राहिलाय.

५ ऑगस्ट

इथल्या डॉक्टरकडे गेले. हात दाखवून अवलक्षण, पण गेले. कारण परवा चहाचा कप बशीवर वाजला आणि ह्यांनी न बोलता बशी काढून घेतली. म्हटलं, कधीपासून कळलंय तुम्हाला? "होळीपासून." मग बोलला नाहीत? "तू बोलली नायस."

डॉक्टर तरुण. म्हणाले, काम काय करता?

"डोळे काढते."

त्यांनी मान वर केली. "कुणाचे?"

"गणपतीचे."

हात मांडीवर ठेवायला सांगितला आणि उलटे आकडे म्हणायला लावले. आकडे चुकले, अंगठा नाही चुकला. चालायला लावलं. उजवा हात चालताना हलत नाही म्हणाले. गंमत बघा, बसल्यावर हलतो आणि चालताना जिथे हलायला पाहिजे तिथे नाही. पनवेलला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा म्हणाले. चिठ्ठी दिली. गणपतीनंतर जाईन म्हटलं. ते म्हणाले, आधी गेलात तर बरं. पेणमध्ये राहून हा माणूस असं बोलतो.

१४ ऑगस्ट

सर येऊन बघून गेले. प्रत्येकापुढे थांबले. पंडितापुढे जास्त. बाईला तिरळी म्हणाले नाहीत. इंग्रजापुढे म्हणाले, "मी शूर सांगितला होता," आणि थोड्या वेळाने, "हा बरोबर आहे."

जाताना वि.ला म्हणाले, आमच्या मंडळाचा गणपतीही तुमच्याकडेच आहे ना? त्याचेही डोळे ताईंनीच काढावेत. देखाव्याला आणि देवाला एकच हात. मंडळात मी तसं सांगून आलोय.

वि. म्हणाला, बघू. मग माझ्याकडे बघितलं. मग रंजूकडे. मग फोन वाजला नसताना फोन उचलून बाहेर गेला.

१५ ऑगस्ट

वि. घरी आला. कधी येत नाही. ह्यांनी खुर्ची दिली, तो खाली बसला.

"ताई, रोह्याचा गणपती. जमंल तुला?"

मी म्हटलं, तू माणसं मला का दिलीस ते मला माहितीय.

तो लादीवरून बोट फिरवत बसला. मग म्हणाला, "तुला घरी बसवायची नव्हती. दुसरं काय करू सांग. गणपती दिला आणि डोळा हलला तर गिऱ्हाईक परत आणतं. तुझ्यासमोर परत आणलान तर?"

"मला सांगायचंस."

"तू सांगितलंस?"

हे आत चहा करायला गेले, त्यांना चहा येत नाही.

रागावलेच होते त्याच्यावर, अजूनही थोडी आहे. पण तो खोटं बोलत नव्हता. म्हटलं, वीस तारखेला सांगते. वीसला गणपती जायचाय.

१८ ऑगस्ट

तिसरा केला. आज हात शांत होता, का ते माहीत नाही. सकाळपासून रोह्याच्या गणपतीचा विचार करायचा नाही असं ठरवून बसले होते.

ह्याचा चेहरा हेल्मेटच्या काचेत आहे. वि. म्हणाला होता काच गडद करू, डोळे दिसणारच नाहीत. मी नको म्हटलं. तो चंद्राच्या मागे आहे, पृथ्वी दिसत नाही, खालचे दोघे दिसत नाहीत, रेडिओ बंद. कुणी त्याला बघत नाही आणि त्याने कुणाकडे बघायचं नाही. फलाटावरच्या माणसांना निदान गाडी येणार हे माहीत असतं.

बुबुळं सरळ ठेवली. पापण्या सैल. काही ठरवून काढलं नाही. झाल्यावर बघितलं तर घाबरलेला नव्हता. निवांत होता. मला वाटलं होतं घाबरलेला निघेल.

२० ऑगस्ट

रोह्याचा गणपती. स्टुलावर चढले. वि. दाराशी, रंजू खाली ब्रश धुवून देत होती. बाकीच्यांना बाहेर पाठवलं.

करंगळी गालावर टेकवली. ब्रश बुडवला. हात उचलला आणि ब्रशचं टोक हवेतच लिहायला लागलं. थांबले. परत. परत तेच. आजवर ब्रश धरल्यावर हलला तरी रेघेपुरता थांबायचा. आज नाही थांबला.

देवाच्या तोंडापुढे बराच वेळ हात धरून उभी होते. डोळे नसलेला गणपती कुणाकडेच बघत नाही, त्यामुळे लाज वाटली नाही.

खाली उतरले. रंजूला म्हटलं, चढ.

"ताई, नको."

"चढ गो. गाडी खोळंबलीय."

चढली. श्वास धरला तिने, छाती फुगवून. म्हटलं, सोड. श्वास सोडत काढ, धरून काढलीस तर रेघ शेवटी झटका खाते. सोडला. काढली. डावी आधी, मग उजवी. मी खालून स्टूल धरलं होतं, डाव्या हाताने.

चांगले झाले. माझ्यासारखे नाहीत. माझे जरा जास्त खाली बघायचे. हिचा गणपती समोरच्याला उभं राहू देतो.

घरी येऊन रडले. हे सेकंड शिफ्टला होते. भात लावला, रडले, आमटी केली.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

आमचा गणपती मोठ्या दिरांकडे वडखळला. गेलो, जेवलो. सगळ्यांनी विचारलं यंदा किती आखले. म्हटलं एक कुत्री. हसले सगळे, मीही हसले.

३० ऑगस्ट

रोह्याला देखावा बघायला गेले. हे सोबत. मेमूने. निडीला गाडी उगाच थांबली.

मंडपात निळा दिवा, समुद्राचा आवाज, सरांचं निवेदन टेपवर. अरब मोजतो, पो. बघतो, पंडित चालतो, एकेकावर दिवा पडतो. शेवटी गणपतीवर.

मी माणसांकडे बघत होते, देखावा बघायला आलेल्या. पुतळ्यावर दिवा पडला की लोक मागे वळून बघायचे. हा कुठे बघतोय ते शोधायला. मागे पाण्याची टाकी आणि वडापावची गाडी. तरी वळायचे. एक बाई पोरीला म्हणाली, "त्याला काय दिसतंय गो तिकडं?" पोरगी म्हणाली, काय नाय.

गणपतीवर दिवा पडल्यावर सगळ्यांनी हात जोडले.

हे म्हणाले, तो काचेतला बरा हाय. विचारलं, का? म्हणाले, "थर्ड शिफ्टचा वाटतो." मी सरांना ते सांगितलं नाही.

६ सप्टेंबर

विसर्जन. सरांचा फोन, कुंडलिका नदीवरून, मागे ढोल. गणपती गेला म्हणाले. आणि म्हणाले, पुतळ्यांचं काय करायचं यावर मंडळात वाद. एक जण म्हणाला, देवाबरोबर तेही बुडवा, कुठे ठेवणार. सर चिडले. माणसं बुडवतात का? (इंग्रज सोडला तर एवढ्या वादळांतून परत आलेली माणसं म्हणे, आणि आपण बुडवायची कुंडलिकेत.) शेवटी शाळेने घेतले. वरच्या व्हरांड्यात, मुलांचा हात पोहोचणार नाही असे.

फोन ठेवल्यावर सुचलं. अडतीस वर्षांत मी जे डोळे काढले ते सगळे दीड दिवस, पाच दिवस, फार तर दहा. सगळे पाण्यात. त्याचं कधी वाईट वाटलं नाही, ते तसंच असतं. राहिलेत ते हे, बाजूला बसवल्यावर काढलेले. वि.ला सांगायला हवं. नको, डोक्यावर बसेल.

२२ सप्टेंबर

पनवेल. मेंदूचे डॉक्टर. कंपवात म्हणाले. नाव आधीच डोक्यात होतं, त्यामुळे खुर्चीतून पडले नाही. गोळ्या. हळूहळू वाढवायच्या. फरक पडतो, किती ते माणसागणिक, तीन महिन्यांनी बघू. ब्रशचं विचारलं. म्हणाले, मी आज काही सांगणार नाही.

हे परतीच्या गाडीत खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. जवळच होते, काचेपाशीच, कुठे गेलेले नव्हते. बरं वाटलं.

९ ऑक्टोबर

गोळ्यांनी मळमळतं. अंगठा थोडा कमी. की मीच कमी बघते?

वि. आला होता. परदेशी जाणाऱ्या छोट्या मूर्तींचं काम दिवाळीनंतर सुरू. म्हणाला, तू ये. रंजूला बघ. बाकी गोळ्यांवर सोड. मी म्हटलं, नुसती बघायला येणार नाही मी, बसून राहायचं तर घरी टीव्ही आहे. म्हणाला, मग काय करशील? म्हटलं, विचार करू दे.

खरं म्हणजे भीती वाटते. उजवा हात परत येईल की नाही कुणाला माहीत नाही. मला नाही, डॉक्टरला नाही. हात नसला तर मी कारखान्यात कोण, हे मला सांगता येत नाही. उगाच धीराचं काही लिहिणार नाही, इथे कुणी वाचत नाही.

२५ ऑक्टोबर

दिवाळी झाली. पाडव्याला रंजू फराळ घेऊन आली, सोबत कारखान्यातून एक शाडूचं मुखवट्याएवढं तोंड. कच्चं, डोळे नसलेलं. "शेठनी दिलंय. कशाला ते बोलले नाय."

तीन दिवस तसंच ताटाखाली झाकून ठेवलं होतं.

आज दुपारी काढलं. ब्रश डाव्या हातात घेतला. अडतीस वर्षांत ह्या हाताने फक्त मूर्ती धरली आणि वाटी. करंगळी कुठे टेकवायची तेच त्याला माहीत नाही. रेघ काढली. गेली कुठच्या कुठे, भुवईत. पुसली. परत. पुसली. शेवटी एक डोळा झाला. देवाचा नाही आणि फलाटावरचा पण नाही. वाकडा आहे. पहिलीतल्या पोराचा असतो तसा. पण आत बुबुळ आहे आणि ते कुठेतरी बघतंय.

हे शिफ्टवरून आले, डबा ठेवला, खाली वाकून बघत राहिले.

"ह्यो कोण?"

म्हटलं, अजून ठरायचंय.